सावित्रीबाई आणि यशवंत: यतीम पोराला सांभाळायचं कुठपर्यंत?

दरवर्षी ३ जानेवारी आली की शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो. उर्दू शाळा असो की मराठी, मुलींची भाषणं साधारण एकसारखीच असतात. भिडेवाडा, अंगावर फेकलेलं शेण, सोबतीला फातिमा शेख, आणि टाळ्या. त्यात चूक काहीच नाही. पण सावित्रीबाईंच्या आयुष्यातलं एक मोठं काम या भाषणांतून नेहमी निसटतं. एका परक्या बाईच्या पोटी आलेलं, कुणालाच नको असलेलं मूल त्यांनी जन्मल्या दिवसापासून उचललं आणि ते डॉक्टर होऊन स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत सोडलं नाही. त्या मुलाचं नाव यशवंत. आज महाराष्ट्र सरकार अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठी जी बालसंगोपन योजना चालवतं, तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. ते का, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून या वेळी आम्ही सावित्रीबाईंची गोष्ट यशवंतच्या बाजूने सांगतो आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० मध्ये, म्हणजे नवव्या वर्षी, लग्न झालं. नवरा जोतिराव तेव्हा तेरा वर्षांचा. आता ज्या घरात ही नऊ वर्षांची पोर आली ते घर कसं होतं, हे पाहायला हवं. जोतिरावांची आई चिमणाबाई ते अगदी तान्हे असतानाच वारल्या. त्यांना वाढवलं ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी. सगुणाबाई स्वतः बालविधवा, आणि एका मिशनरी साहेबाकडे अनाथ मुलं सांभाळण्याचं काम करायच्या. म्हणजे जोतिराव स्वतःच दुसऱ्याच्या मायेवर वाढलेलं लेकरू. सावित्रीबाईंना अक्षरओळख आणि हिंमत देणाऱ्यांत याच सगुणाबाई होत्या. बिनआईच्या मुलाला कसं वाढवतात याचा पहिला धडा सावित्रीबाईंना सासरच्या घरातच मिळाला, असं आम्हाला वाटतं.

याच घराशी आपल्या लोकांचं जे नातं आहे तेही इथेच सांगून टाकतो. लोकांच्या कानभरणीमुळे गोविंदरावांनी जोतिरावांना शाळेतून काढून शेतीला लावलं होतं. तेव्हा शेजारचे फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट नावाचे इंग्रज साहेब यांनी गोविंदरावांना समजावलं, की पोरगा हुशार आहे, त्याची शाळा बंद करू नका. १८४१ मध्ये जोतिराव पुन्हा शाळेत गेले. मुन्शीजींनी काही पैसे दिले नाहीत, घरी ठेवून घेतलं नाही. शाळा सुटलेल्या एका मुलाच्या बापाकडे जाऊन ते बोलले, एवढंच. मास्तर लोकांनी हे नीट लक्षात ठेवावं असं आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. समाज बिथरला, आणि १८४९ मध्ये गोविंदरावांनी नाइलाजाने मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी, गंज पेठेतल्या आपल्या घरी. त्यांची बहीण फातिमाबी सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. अलीकडे फातिमाबी खरंच होत्या का असा वाद काही जणांनी उकरून काढला होता. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून, आजारपणात, जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. तिच्यावर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. आम्हाला तेवढं पुरेसं आहे.

आता यशवंतकडे येऊ. त्या काळात ब्राह्मण घरांत विधवेचं पुन्हा लग्न होत नसे. बारा-चौदा वर्षांच्या विधवा मुली घरात राबायच्या आणि घरातल्याच कुणाच्या तरी वाईट नजरेला बळी पडायच्या. दिवस गेले की गुपचूप औषधं, नाही तर विहीर, नाही तर जन्मलेल्या मुलाचा गळा. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेने आपलं मूल मारलं आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली. या प्रकाराने फुले दांपत्य हादरलं. १८६३ च्या सुमारास त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुण्यात ठिकठिकाणी पत्रकं लावली, की विधवांनी इथे येऊन निर्धास्त बाळंत व्हावं. मूल न्यायचं की ठेवून जायचं ही त्यांची खुशी. पत्रकं लावणं सोपं असतं. येणाऱ्या बाईचं बाळंतपण करणं, तिचं नाव फुटू न देणं, रात्री-बेरात्री रडणाऱ्या मुलाला पाजणं, ही कामं सावित्रीबाईंच्या वाट्याची होती.

जोतिरावांनी १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात या गृहाचा हिशोब मांडला आहे, आणि तो वाचून अंगावर काटा येतो. तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी फक्त ५ जगली होती. बाकीची ३० गेली, कारण पोटात असतानाच त्यांच्यावर विषारी औषधांचा मारा झाला होता. म्हणजे सावित्रीबाईंनी हातात घेतलेल्या दर सात बाळांमागे सहा त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. तरी दार बंद केलं नाही.

१८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. तो जगला. त्याला फुले दांपत्याने आपला मुलगा म्हणून घेतलं आणि नाव ठेवलं यशवंत. नाळ कापल्यापासून सावित्रीबाईंनी त्याला सांभाळलं, हे जोतिरावांनी पुढे आपल्या मृत्युपत्रातच लिहून ठेवलं. त्या वेळी सावित्रीबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. स्वतःचं मूल नाही म्हणून दत्तक घ्यायचं तर नात्यातला मुलगा घ्या, पुतण्या घ्या, जातीतला घ्या, हा रिवाज. यांनी घेतला तो असा, की ज्याच्या जन्माची गोष्ट पुणेभर कुजबुजली जाणार होती.

यशवंत लहान होता तेव्हाच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने अन्नकेंद्रं काढली, धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम चालवला. सावित्रीबाई गावोगाव फिरत होत्या. १८७७ मधलं त्यांचं ओतूरहून लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात उपाशी माणसं, सावकार, चारा-पाण्यावाचून मेलेली गुरं असं सगळं आहे. त्यांच्या घरी बाहेरगावची गरीब मुलं शिकायला राहायची ती वेगळीच. यशवंत अशा घरात वाढला जिथे दुसऱ्याची मुलं असणं हे रोजचंच होतं. लाडावलेला एकुलता एक असं त्याचं बालपण झालं नसणार.

मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा, १० जुलै १८८७ रोजी, जोतिरावांनी मृत्युपत्र नोंदवलं. ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. यशवंत हा आपला वारस, हे त्यात कायद्याच्या कागदावर आलं, म्हणजे उद्या भाऊबंदांनी त्याला हाकलू नये. पण त्याच कागदात एक कडक अटही आहे. यशवंत शिकला नाही, उनाड निघाला, तर सावित्रीबाईंनी समाजातल्या माळी, कुणबी, धनगर वगैरे लोकांच्या बहुमताने दुसरा लायक मुलगा निवडावा. वाचताना पहिल्यांदा हे कठोर वाटतं. दत्तक घेतलेल्या पोराला असं सांगतात का? पण पुन्हा वाचलं की कळतं, की यांनी त्याला दयेवर ठेवलं नव्हतं. त्याच्याकडून अपेक्षा केली होती. यतीम आहे, बिचारा आहे, जाऊ द्या, ही भाषा त्या घरात नव्हती.

इथे आपल्या दीनची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सूरह निसाच्या सुरुवातीलाच यतीमांच्या मालाचा हुकूम आहे. त्याचा मतलब असा, की यतीमांना पारखत राहा. ते लग्नाच्या वयाला पोहोचले आणि त्यांच्यात समज दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा आणि साक्षीदार ठेवा. नुसतं वय झालं हे पुरेसं नाही, रुश्द, म्हणजे व्यवहाराची समज, यायला हवी. आणि ती आपोआप येत नाही, आणावी लागते. खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा. चाचा अबू तालिब यांनी सांभाळलं. स्वतः तंगीत असूनही त्यांनी पोराला काफिल्याबरोबर शामच्या सफरीला नेलं. पुढे तिजारतीत जी अमानतदारी सगळ्या मक्क्याने पाहिली, तिची सुरुवात या पालकत्वात आहे.

आणि आपण काय करतो? आपल्या शहरात, औरंगाबाद म्हणा की छत्रपती संभाजीनगर म्हणा, रमजानमध्ये यतीमखान्यांसाठी हात सैल असतो. देगा चढतात, कपडे येतात, ईदी येते. अल्लाह कबूल करो. पण दहावी-बारावी झालेल्या यतीम मुलाचं पुढे काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. फिक्हप्रमाणे मूल बालिग झालं की त्याला यतीम म्हणत नाहीत. हे बरोबरच आहे. पण लोकांनी त्याचा अर्थ जबाबदारी संपली असा लावला. तो आता यतीम नसला तरी फकीर किंवा मिस्कीन असू शकतो, आणि मग त्याची कॉलेजची फी, मेसचे पैसे जकातीतून देता येतात. रौजाबागच्या आझाद कॉलेजमध्ये अ‍ॅडमिशन घ्यायचं म्हटलं तरी आधी टीसी, आधार, बँक खातं, दाखले, आणि फॉर्मवर पालकाची सही. घरात बाप असलेल्या मुलाला हे कळतही नाही की यामागे किती खेपा असतात. ज्याला कुणी नाही तो खिडकीवरूनच परत फिरतो आणि गॅरेजला लागतो. पोरगी असेल तर तिचा निकाह उरकून टाकतात.

सरकारी बाजूही तशीच आहे. बालसंगोपन योजनेतून मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. आई आहे पण बाप नाही अशा मुलांनाही ती लागू आहे, हे आपल्या मोहल्ल्यात अनेकांना माहीत नसतं. पण अठरावं लागलं की ती बंद. बालगृहातली मुलंही अठराव्या वर्षी बाहेर पडतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वर्षांच्या मुलांसाठी अनुरक्षणाची सोय आहे, अनुरक्षणगृहं आहेत, आणि २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते काढून ठेवायला हवं हे मुलाला सतराव्या वर्षी कुणीतरी सांगायला लागतं. असो, सावित्रीबाईंकडे परत येऊ.

यशवंतच्या बाबतीत खरी कसोटी लागली ती तो चौदा वर्षांचा झाल्यावर. १८८८ च्या जुलैमध्ये जोतिरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डाव्या हाताने ते पुढचं पुस्तक लिहीत राहिले, पण ठेकेदारीची कमाई थांबली. आधीच शाळा, दुष्काळ, गृह यांत पैसा गेला होता. घरात आजारी नवरा आणि शिकणारा मुलगा.

त्यातच लग्नाचा प्रश्न. यशवंतच्या जन्माची गोष्ट माहीत असल्याने त्याला मुलगी द्यायला कुणी तयार होईना. हे आजही होतं. यतीमखान्यात वाढलेला मुलगा कमावता असला तरी खानदान काय, हा प्रश्न पहिला येतो. शेवटी सत्यशोधक चळवळीतले हडपसरचे ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय, लग्न लागलं. लग्नाआधीच राधेला फुल्यांनी आपल्या घरी आणून ठेवलं होतं, शिकण्यासाठी आणि दोघांची ओळख व्हावी म्हणून, असं चरित्रकार सांगतात. त्या काळात हे किती धीटपणाचं होतं! तरी पंधरा वर्षांचा नवरा आणि त्याहून लहान नवरी, हे लग्न आजच्या कायद्यात बसलं नसतं. आम्ही ते झाकत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. आपल्याला मिठात घालून घरामागे पुरावं अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन झालं. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कावर वाद घातला, की टिटवं हा दत्तक मुलगा कसा धरतो? तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं धरलं. विधवा बाई अंत्ययात्रेत पुढे चालते आहे, हे पुण्याने तोवर पाहिलं नव्हतं. भाषणांतून हा प्रसंग स्त्रीमुक्तीचा म्हणून येतो. तो तसा आहेच. पण त्याच वेळी बाजूला एक सोळा वर्षांचा मुलगा उभा होता, ज्याला भर गर्दीत सांगितलं जात होतं की तू या घरचा नाहीस. आईने त्याच्या बाजूने जे केलं तेही आम्ही त्यात पाहतो.

त्यानंतरची वर्षं एकट्या सावित्रीबाईंची. वय साठीला टेकलेलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून काही मदत झाली, बाकी ओढाताण. त्यातून त्यांनी सत्यशोधक समाज चालवला, १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं, आणि यशवंतचं शिक्षण थांबू दिलं नाही. तो डॉक्टर झाला आणि लष्करात डॉक्टर म्हणून लागला. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेला मुलगा सरकारी नोकरीतला डॉक्टर! मृत्युपत्रातली ती अट त्याने पुरती पाळली होती. १८९५ मध्ये राधा वारली. मुलगा नोकरीसाठी बाहेर, सून गेलेली, घरी पुन्हा सावित्रीबाई एकट्या.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. लोक घरं सोडून पळत होते, सरकारी शिपायांच्या झडतीच्या भीतीने आजारी माणसाला लपवत होते. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. तो रजा काढून आला. हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, म्हणजे त्याच्या सासरच्या जमिनीवर, दवाखाना थाटला. मुलगा तपासायचा, आई रुग्ण आणायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका कामावर शेजारी शेजारी होते. मुंढव्याच्या दलित वस्तीतला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा प्लेगने पडल्याचं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचं निधन झालं.

यशवंत पुन्हा लष्करात रुजू झाला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं, एक मुलगी झाली. काही वर्षांनी प्लेगच्याच साथीत, रुग्णांवर उपचार करताना, त्याचाही मृत्यू झाला. तेव्हा त्याचं वय तिशीच्या थोडं पुढे होतं. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोची आणि मुलीची फार परवड झाली. सांभाळायला आता सावित्रीबाई नव्हत्या. गंज पेठेतलं राहतं घर विकावं लागलं. तेच घर पुढे सरकारने ताब्यात घेऊन स्मारक केलं. आज तिथे महात्मा फुले वाडा म्हणून शाळांच्या सहली जातात.